सव्विसावा चिंचोका

एकदा एका कॉलेजात लांब पल्ल्याच्या धावण्याचे एक वृद्ध प्रशिक्षक होते, आणि फेऱ्या मोजण्याच्या बाबतीत त्यांचा विश्वास फक्त चिंचोक्यांवर होता. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. सर मोजून चिंचोके मुठीत घेत, कडुलिंबाखाली उभे राहत आणि प्रत्येक फेरीला एक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकत. तीस वर्षांत ही मोजणी एकदाही चुकली नव्हती. मुलांचा देवावर नसेल इतका विश्वास त्या डब्यावर होता.

वैजयंता ही त्यांची सर्वांत गुणी विद्यार्थिनी. चोवीस फेऱ्या ती अशी धावे की बघत राहावे. पंचविसावीत मात्र तिचे अवसान गळे. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत शेवटच्या शंभर मीटरांत चौघीजणी तिला मागे टाकून गेल्या होत्या. यंदाची स्पर्धा चार दिवसांवर आली, तेव्हा ती सकाळीच बूट हातात घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"सर, माझं नाव काढा. शेवटच्या फेरीला माझ्यात काहीच उरत न्हाई. उगं कॉलेजचं नाव कशाला घालवू?"

"काढू की," सर म्हणाले. "आज एकदा पंचवीस फेऱ्या मार. मग तू म्हणशील तसं."

ती धावली. पंचविसावी फेरी कशीबशी रेटून रेषेवर जी बसली ती बसलीच. सरांनी शांतपणे मूठ उघडली. तळहातावर एक चिंचोका होता.

"एक उरलाय, पोरी."

"पंचवीस झाल्यात, सर. मी मोजल्यात."

"असतील. पण हा इथं आहे, त्याचं काय करू?"

वैजयंताला संताप आला. ज्या माणसाने तीस वर्षे चूक केली नाही, त्याला ती करायला नेमका आजचाच दिवस सापडावा? पण सरांशी वाद घालण्यापेक्षा धावणे सोपे, हे कॉलेजात सर्वांना ठाऊक होते. ती उठली आणि रागाच्या भरात जी सुटली ती थेट रेषेवरच येऊन थांबली. सरांनी घड्याळ तिच्यापुढे धरले. त्या दिवशीची ती तिची सर्वांत वेगवान फेरी होती. मग हातातला चिंचोका डब्यात टाकून त्यांनी डबा तिच्या ओंजळीत रिकामा केला. तिने मोजले. सव्वीस भरले.

"तुम्ही फसवलंत मला, सर."

"एक उरलाय म्हणालो, तो होताच," सर हसले आणि तिच्या शेजारी मातीतच बसले. "तुझ्या वयाचा असताना मीही विद्यापीठाच्या स्पर्धेत धावलो. मोजणीत चुकलो. चोवीस फेऱ्यांतच शर्यत संपली असं समजून थांबलो, हात वर केले, मातीला नमस्कार केला, लोकांना नमस्कार केला. पंच म्हणाले, 'बाळ, आणखी एक आहे.' सारं मैदान हसलं. अंगात त्राण नव्हतं, पण लाजेनं पळालो आणि तिसरा आलो. त्याच पदकावर ही नोकरी लागली. त्या एका फेरीत जे कळलं तेच आजवर शिकवत आलोय. पाय दमतात हे खरं. पण 'संपलं' असं पाय कधी सांगत नाहीत. ते आपल्यातला मोजणारा सांगतो, आणि तो जरा लवकरच सांगतो."

वैजयंताने ओंजळीतले चिंचोके परत डब्यात टाकले. मग मातीला नमस्कार करणारे तरुणपणीचे सर तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिला हसू आवरेना.

"नाव राहू द्या, सर," ती म्हणाली.

स्पर्धेत शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती पाचवी होती. रेषा ओलांडली तेव्हा दुसरी. इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदात ती थांबलीच नाही. दोन्ही हात उंचावून, खदखदून हसत तिने आणखी एक फेरी धरली. एक पंच झेंडी हलवत थोडे अंतर तिच्यामागे धावले, दमले आणि वैतागून सरांकडे आले.

"काय हो सर, तुमच्या या मुलीला फेऱ्या मोजता येत नाहीत का?"

सरांनी खिशातून एक चिंचोका काढून डब्यात टाकला आणि डोळे पुसले.

"माझीच विद्यार्थिनी ती," ते म्हणाले. "मला तरी कुठं मोजता येत होत्या?"