फुगलेला कंडेन्सर

घरच्या टीव्हीला जोडायच्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक म्हातारा कंडेन्सर राहत असे. विजेचे चढउतार सांभाळणं हे त्याचं काम. आता तो फुगला होता, त्याला ते झेपत नव्हतं. पण काढून टाकतील या भीतीने तो गप्प होता. पडद्यावर नुसत्या रेघा उमटत.

“मेमरीची चिप गेलेली दिसते,” दुरुस्तीला बसलेल्या दमयंतीबाई म्हणाल्या आणि ती काढायला त्यांनी तापलेली सोल्डरगन उचलली.

“दादा, मी धडधाकट आहे!” चिप कंडेन्सरला म्हणाली. “बाईंना सांगा ना, नाहीतर मी उगाच जळेन.”

तापलेलं टोक चिपच्या पायाला टेकणार, तोच कंडेन्सर ओरडला, “बाई, थांबा! दोष माझा आहे.”

बाईंनी त्याला काढून नवा कंडेन्सर बसवला. पडदा स्वच्छ उजळला.

“दादा, फार दुखलं का?” चिपने विचारलं.

टेबलावर पडलेला कंडेन्सर म्हणाला, “दुखत तर इतकी वर्षं होतं गं. आता थांबलं.”