ठकू भोईणीचा राग

नदीवर पूल नव्हता, होडीशिवाय पैलतीर गाठता येत नव्हता, त्या काळची ही गोष्ट.

मोहरी गावाच्या घाटावर मल्हारी भोयाची दोन लेकरं होडी चालवायची. थोरला नामा, धाकटी ठकू. एकाच आईची, पण एक पाणी आणि एक निखारा. नामाला कुणी शिवी दिली तरी तो हसून वल्हं हाती घ्यायचा. ठकूसमोर मात्र कुणी दुबळ्याला ढकललं, की तिचं कपाळ तापायचं. इतकं, की पावसाचे थेंब त्यावर चर्रकन वाजायचे, असं म्हणतात.

बापानं अंगारे लावले, देवऋषी केला. शेवटी दमून म्हणाला, "स्वभावाला औषध नाही." गाव तिला कजाग म्हणायचं.

एका श्रावणात नदी फुगली. पात्राच्या मधल्या बेटावर मजुरांची वस्ती होती. झोपड्यांत पाणी शिरलं, माणसं छपरांवर चढून हाका मारू लागली. आणि इकडे पाटलानं घाटावर धान्याची पोती आणून टाकली.

"आधी माझी पोती पलीकडच्या टेकाडावर न्या," पाटील म्हणाला. "बेटावरची माणसं चिवट असतात. मरत नाहीत."

सगळं गाव खाली मान घालून उभं. नामानं हात जोडले, "पाटील, एक खेप तिकडं मारू द्या." पाटलानं नुसतं डोळे वटारले, तसा नामा मुकाट्यानं पोतं उचलायला वाकला.

ठकूनं ते पोतं हिसकावलं आणि नदीत भिरकावलं.

"आग लाव तुझ्या शांतपणाला, दादा! पाटील, पुढच्या सुगीला तुमची पोती पुन्हा भरतील. बुडालेली लेकरं कुठल्या सुगीला उगवतील? आणि तुम्ही सगळे! मला कजाग म्हणता? तुमच्यात आणखी एक कजाग असता, तर होडी एव्हाना तिकडं पोचली असती!"

नामा शरमला. सुकाणूवर जाऊन बसला. ठकू होडीच्या टोकाशी उभी राहून नदीलाच बोलू लागली, "मागं सर, सटवे! गरिबाचंच घर दिसलं तुला?" तिचा आवाज जाईल तिथवर लाटा खाली बसत गेल्या, असं म्हणतात. छपरांवरून होडीत उतरलेल्या, घाबरून धडपडणाऱ्या माणसांना नामा हळू आवाजात सांगत होता, "बसा, हलू नका, पोचलोच आपण." तो नसता तर होडी उलटली असती. पण ती नसती तर होडी सुटलीच नसती.

पूर ओसरला. बेटावरचं एकही माणूस गेलं नव्हतं. पाटील हसत हसत हार घेऊन आला.

"हार कशाला आणलात?" ठकू कडाडली. "लाज आणायची होती!"

ती म्हातारी होऊन गेली. राग शेवटपर्यंत तसाच होता.

आता पूल झालाय. तरी पावसाळा सरला, की मोहरीत होडी पाण्यात सोडतात. आधी बेटावरची माणसं चढतात, पाटलांच्या घरचे सगळ्यांत शेवटी. मग गावातली एखादी बाई टोकाशी उभी राहते, आणि नदीला, पाटलाला, गावाला, ज्याचा राग असेल त्याला मोठ्यानं बोलते. तिचं बोलणं संपेपर्यंत कुणी वल्हं पाण्यात घालत नाही.