तिळीने सरकवलेला वाडगा

दगडी फरशीवरून मातीचा वाडगा सरकला की खर्र असा आवाज होतो. बोधिसत्त्वाने तो पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि तो आवाज त्याला जन्मभर पुरला.

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या श्वानपालाच्या घरी जन्माला आला होता. त्या सातव्या वर्षी लग्नसराई होती. रोज कोणाकडून तरी उरलेले कांदा-लसणाचे कालवण येई, आणि बाप ते प्रेमाने आपल्या लाडक्या कुत्रीपुढे ठेवी. चार दिवस तिने खाल्ले. पाचव्या दिवशी तिने नाकाने वाडगा दूर ढकलला. खर्र. "चोचले बघा हिचे," बाप म्हणाला, आणि तोच वाडगा पुन्हा तिच्यापुढे आला. दोन दिवसांनी कुत्री गेली. तिच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. बाप तिच्याजवळ बसून म्हणाला, "ती सांगत होती रे. मीच ऐकलं नाही."

पुढे बोधिसत्त्व बापाच्या जागी श्वानपाल झाला आणि त्याच कामात म्हातारा झाला.

त्या राजवाड्यात एक रीत होती. राजा जेवायला बसला की ताटातला पहिला घास वाडग्यात काढीत आणि कुत्र्यापुढे ठेवीत. कुत्र्याने खाल्ले तर अन्नात विष नाही, असे समजून मग राजा जेवी. वर्षानुवर्षे हे काम धिप्पाड शिकारी कुत्र्यांनी केले. असल्या कुत्र्याला एक घास म्हणजे समुद्रात थेंब. पण शेवटचा शिकारी कुत्रा म्हातारपणाने मेला, आणि डोंगराकडच्या व्यापाऱ्यांनी भेट दिलेली एक इवलीशी कुत्री राजाच्या मनात भरली. तिचे नाव तिळी. दोन ओंजळींत मावेल एवढीच. राजाने पहिला घास तिला नेमून दिला.

तिळी महिनाभर नाखुशीने खात राहिली आणि वाळत गेली. एके दिवशी भर पंगतीत तिने वाडगा हुंगला आणि नाकाने दूर सारला. दासीने एक घास बळेच भरवला, तो तिने ओकून टाकला.

राजा ताटावरून उठला. मुख्य आचारी कोरंडक याला तिथेच बांधले, आणि श्वानपालाला बोलावणे गेले.

हा कोरंडक बोधिसत्त्वाला कधी सरळ बोलला नव्हता. भटारखान्यापुढून जाताना रोज हाक यायची, "काय बाबा, तुमच्या जावयांची जेवणं उरकली का?" मग सगळा भटारखाना हसायचा.

राजा म्हणाला, "बाबा, कुत्र्यांचं तुम्हाला कळतं. हे विष आहे, एवढं सांगा. भटारखाना उद्यापासून तुमच्या ताब्यात."

बोधिसत्त्वाने तिळीचा ओठ बोटाने वर केला. हिरडी फिकी पडली होती. मग तो खाली बसला, त्याने राजाचे ताट पुढे ओढले आणि जेवायला सुरुवात केली. त्याने सावकाश सगळे संपवले.

"महाराज, भाजी उत्तम आहे. मीठ तेवढं चिमूटभर जास्त झालं."

"मीठ बरोबर आहे," बांधलेला कोरंडक म्हणाला.

बोधिसत्त्व हसला. "या भाजीत कांदा आहे, लसूण आहे, मनुका आहेत. तुम्हाआम्हाला त्याने बळच येतं. कुत्र्याच्या जातीला ते बाधतं, आणि एवढ्याशा जिवाला तर एक घासही पुष्कळ होतो. आचाऱ्याने काही केलेलं नाही. चुकली असेल तर रीत चुकली."

राजाला ते पुरते पटले नाही. "विष सावकाश चढणारंही असतं. पौर्णिमेपर्यंत मुदत देतो. तोवर तुम्ही आणि तिळी दोघे जगलात आणि ती अंगाने भरली, तर आचारी सुटेल. नाहीतर त्याचा जीव जाईल."

"भरेल," बोधिसत्त्व म्हणाला. "फक्त त्याचे हात सोडा. मला शिजवता येत नाही."

भटारखान्याच्या मागच्या चुलीवर काम सुरू झाले. कोंबडीचे मांस, एकूण एक हाड काढून, नुसत्या पाण्यात शिजवायचे. अंडे उकडून कुस्करायचे. थोडा मऊ भात, थोडा दुधी भोपळा, काळीज नखाएवढेच. हल्ली लोक ज्याला प्रथिने म्हणतात तो शब्द बोधिसत्त्वाला ठाऊक नव्हता, पण अंगावर मांस कशाने चढते ते ठाऊक होते.

कोरंडकाचा हात सारखा फोडणीकडे जाई. "तूप नाही, मीठ नाही, जिरं नाही. बाबा, हे अन्न आहे की शिक्षा?"

"तुझ्यासाठी नाही ते."

"माझ्या मानेसाठी तर आहे."

पहिल्या दिवशी तिळीने तोंड फिरवले. बोधिसत्त्वाने वाडगा उचलला, पाण्याच्या आधणावर धरून कोमट केला आणि पुन्हा ठेवला. वास आला तशी ती जवळ आली आणि तिने मांसाचे पाणी तेवढे चाटले. "आज एवढं पुरे," तो म्हणाला. लहान जिवाला फार वेळ उपाशी ठेवायचे नसते आणि एकदम पोटभर लादायचेही नसते. तो दिवसातून चार वेळा थोडे थोडे ठेवी, आणि नको असले की न रागावता उचलून घेई.

चौथ्या दिवशी तिने पुन्हा काही खाल्ले नाही. बोधिसत्त्वाने तिचे तोंड हुंगले. खव्याचा वास आला. तो उठून अंतःपुराच्या दाराशी गेला. दोन दासी पदराखाली काहीतरी लपवीत होत्या.

"बिचारी उपाशी आहे हो," एक म्हणाली.

"मुलींनो, तुमचा जीव तिच्यावर आहे म्हणून सांगतो. तुमच्या पेढ्याने तिची भूक मरते, आणि भूक मेली की आचारी मरतो." त्या दिवसापासून पेढे बंद झाले.

मग तिळी खाऊ लागली. आधी मांस, मग अंडे, भोपळा सगळ्यांत शेवटी आणि तोही उपकार केल्यासारखा. तिच्या हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. बोट फिरवले की जाणवणाऱ्या फासळ्या मांसाखाली गेल्या.

पौर्णिमेला राजा स्वतः भटारखान्यात आला. तिळीपुढे वाडगा ठेवला होता. तिने तो संपवला, आणि तरी थांबेना. रिकामा वाडगा चाटत चाटत ती पुढे गेली, आणि तिच्या जिभेपुढे वाडगा फरशीवरून सरकत गेला. खर्र, खर्र. बोधिसत्त्वाने डोळे मिटून घेतले.

राजाने कोरंडकाला सोडले आणि भटारखाना बोधिसत्त्वाला देऊ केला. बोधिसत्त्व म्हणाला, "भटारखाना ज्याचा आहे त्याच्याकडे राहू द्या. माझं एवढंच मागणं आहे, तिळीला त्या कामातून मोकळं करा."

"मग पहिला घास कोण खाईल?"

"मी खाईन," कोरंडक म्हणाला. "शिजवतो मीच." तेव्हापासून ती रीत झाली.

जेतवनात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगून संपवली. समोर उत्तिय नावाचा भिक्खू बसला होता. विहारात अन्न वाटण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याच सकाळी एका आजारी तरुण भिक्खूने पात्र दूर सारले होते, आणि उत्तिय सर्वांदेखत म्हणाला होता, "राजपुत्र आले आहेत, त्यांना आपलं अन्न कसं रुचेल?"

शास्ते म्हणाले, "तेव्हाची तिळी म्हणजे हा आजारी भिक्खू. कोरंडक आज आपल्या विहाराची चूल सांभाळतो आहे. श्वानपाल मी होतो. आणि उत्तिय, तो राजा तू होतास. जो 'नको' म्हणतो, त्याचं दुखणं आधी विचारावं. करुणा ती हीच."

उत्तिय उठला. त्याने आजाऱ्याचे पात्र उचलले, त्यातले गार अन्न पाहिले, आणि तो चुलीच्या दिशेने निघून गेला.