पुढून दिलेला खो

साऱ्या पंचक्रोशीत या गोष्टीच्या तोडीची गोष्ट नाही. पंचक्रोशीत गोष्ट सांगणारं दुसरं कोणी उरलेलंच नाही, हे त्यामागचं कारण. तरी ऐका.

एका गावात मालन नावाची एक खो-खो खेळणारी होती. पळायची अशी की तिची सावलीसुद्धा धापा टाकत मागून यायची. तिचा खो म्हणजे पाठीवर सणसणीत थाप आणि वर आरोळी. ती ऐकून शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची.

ही मालन शहरात मोठ्या शिक्षणाला गेली. शिकायचं काय, तर लहानपणी बसलेली दहशत पोरांच्या अंगात कशी राहून जाते, आणि ज्यांचं शरीर किंवा मन चारचौघांसारखं चालत नाही अशा मुलांना खेळवायचं कसं. गावाला हसू आवरेना. "उड्या मारायलाही आता कॉलेज लागतं होय?" असं पारावरचे म्हणाले. त्यातल्या एकालाही आधाराशिवाय पारावरून खाली उतरता येत नव्हतं, ते सोडा.

अभ्यास संपत आला तशी मालनला अशाच मुलांच्या एका वसतिशाळेत धाडलं. शाळा चालवणारे नानासाहेब म्हणाले, "तुमची शेवटची परीक्षा आमच्याच मैदानावर होईल. पास झालात तर खेळाच्या बाई म्हणून कायमच्या इथेच राहा." मालनला दुसरं काही नकोच होतं.

त्या शाळेत कौशी नावाची मुलगी होती. एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, जीभ मात्र बिनआधाराची, मोकाट. पहिल्याच दिवशी मालनने तिला खेळात बसवलं, मागून धावत गेली आणि जन्माच्या सवयीने पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

कौशी उठली नाही. दोन्ही हात डोक्यावर घेऊन ती जमिनीला चिकटली. तिच्या आधीच्या घरात मागून जो यायचा, तो मारायलाच यायचा.

मालनने हे सगळं वाचलं होतं, त्यावर पानंच्या पानं लिहून वाहवा मिळवली होती. पण शिकलं होतं ते डोक्याने, थाप मारली हाताने. हाताला कोणी वर्गात बसवलंच नव्हतं.

मग ती हाताला शिकवायला बसली. मागून जायचं नाही. वळसा घालून समोर यायचं, हळू नाव घ्यायचं, तळवा पुढे धरायचा. कौशीला वाटलं तर तिने टाळी देऊन उठायचं. नाही वाटलं तर आपण पुढच्या भिडूकडे जायचं. कितीतरी दिवस टाळी आली नाही. मालन रोज तळवा धरायची, रोज पुढे जायची. एके सकाळी कौशी म्हणाली, "बाई, हात जरा खाली घ्या की. पोचत नाही माझा." आणि टाळी वाजली. त्यानंतर त्या पोरीला खाली बसवणंच अवघड झालं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक निमकर सर गळ्यात शिट्टी आणि काखेत नियमांचं पुस्तक घेऊन उतरले. झोपेतही काखेतून पुस्तक सुटू न देणारा माणूस. मालनने पहिला खो पुढून दिला मात्र, शिट्टी वाजली.

"फाउल! खो पाठीमागून द्यायचा."

"सर, या मुलांना..."

"खो-खो म्हणजे खो-खो. पुन्हा पुढून दिलात तर नापास."

नानासाहेब घाईघाईने जवळ आले. "अहो बाई, एकदाच द्या की पाठीवर. पोरगी बसली घाबरून तर बसली, लाडू देऊन उठवू. गेलेली नोकरी लाडू देऊन परत येत नाही."

पुढची पाळी कौशीची. मालन तिच्या मागे जाऊन थांबली. हात आपोआप वर गेला. पावलं मागेच थांबलेली ऐकून कौशीची मान खांद्यांत शिरली. मालनला पारावरची हसणारी तोंडं दिसली, हातची पदवी जाताना दिसली. ती मानही दिसली. तिने हात खाली घेतला, वळसा घालून समोर आली आणि तळवा धरला.

"कौशी."

टाळी वाजली. शिट्टीही वाजली. पण कौशी पट्ट्या खडखडवत केव्हाच पळाली होती.

निमकर सर लालबुंद झाले. "आता पोरीचा पाय रेषेवर पडतो का तेही बघतो!" असं म्हणून ते रांगेतल्या एका मोकळ्या जागी उकिडवे बसले आणि रेषेला डोळा लावला. तेवढ्यात कौशी खांबाला वळसा घालून आली. बघते तर रांगेत एक भिडू बसलेला, पाठ तिच्याकडे. चुकून की मुद्दाम, ते तिलाच माहीत. तिने अगदी पुस्तकाबरहुकूम पाठीवर थाप हाणली.

"खो!"

सर किंचाळून उठले. चष्मा एकीकडे, टोपी दुसरीकडे, पुस्तक धुळीत. सर म्हणाले, "अगं कार्टे, मागून येऊन असं दचकवतात का कोणाला? माणसाने समोरून यावं, हाक मारावी!"

कौशीने चष्मा उचलला, फ्रॉकला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"मग आमच्या बाई दुसरं काय करत होत्या, सर?"

तात्पर्य: भ्यालेल्या लेकराला खेळात घ्यायचं तर समोरून जावं आणि त्याच्या टाळीची वाट बघावी, आणि आपण हे खरंच शिकलो की नाही, ते मार्क जायची वेळ आली म्हणजेच कळतं.