वज्रव्रतीची जखम

एकदा एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहत होत्या. पंचाहत्तरी उलटली होती, तरी दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती एक आगळा खेळ रंगे. बाई गोष्ट सांगत, तिघे तरुण एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत शिरत, आणि पात्राच्या धाडसाला यश आले की नाही ते फासे ठरवत.

खेळाच्या पुस्तकात पात्रांचे वर्ग नेमून दिलेले होते. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा इरफान वाटाड्या होई. तपासणी प्रयोगशाळेत काम करणारी अबोल नूतन वैद्य होई. सारंग मात्र पुस्तकातल्या योद्ध्यावर समाधानी नव्हता. बाईंचा हा जुना विद्यार्थी हिशेबी डोक्याचा. दोन महिने खपून त्याने घरच्या घरी एक नवा योद्धा घडवला आणि त्याचे नाव ठेवले वज्रव्रती. वज्रव्रतीच्या जखमा आपोआप भरत, सोबत्यांच्याही भरत. रानातल्या वाटा त्याला उपजत ठाऊक असत. या देणग्यांच्या बदल्यात सारंगने त्याच्या तलवारीचा जोर कमी केला होता. हजारदा फासे टाकून त्याने ताळा पाहिला. नवा योद्धा जुन्याहून तसूभरही वरचढ नव्हता.

तरीही वज्रव्रती खेळात उतरल्यापासूनच्या चौथ्या रविवारी पिशवी खांद्याला लावताना नूतन हळूच म्हणाली, “बाई, आता मला यायला जमेलसं वाटत नाही.”

दोघांवर हा खेळ चालणार नव्हता. आपलेच काहीतरी चुकले, हे सारंगला कळत होते. काय चुकले, ते कळत नव्हते. पुढच्या रविवारी तो सर्वांच्या आधी येऊन बसला.

“बाई, तलवार आणखी निम्मी केलीये. आता तरी समतोल साधेल ना?”

“बघू या,” बाई म्हणाल्या. “नूतनला मी आजच्यापुरती ये म्हणून गळ घातलीय. तू आपला मनासारखा खेळ.”

खेळ सुरू झाला, आणि बाईंनी स्वयंपाकघरातून चिंचोक्यांची वाटी आणून मांडीवर ठेवली. गोष्ट सांगता सांगता मध्येच त्या एक चिंचोका उचलत आणि कुणापुढे तरी ठेवत. का, ते सांगत नसत. सारंगने राक्षसाचा हात छाटला, तेव्हा त्याला काहीच मिळाले नाही. पण इरफानने “अरे सारंग, आता कुठून जायचं?” असे विचारताच सारंगपुढे एक चिंचोका आला. त्याला गंमत वाटली. आपण जिंकतो आहोत, अशीच त्याची समजूत झाली.

चहाच्या वेळी सारंगपुढे अकरा चिंचोके होते, इरफानपुढे एक. नूतनपुढचे टेबल मोकळे होते. ती बशीतला शेवेचा चुरा बोटाने गोळा करत होती.

खेळ आटोपून दोघे गेल्यावर सारंगने विचारले, “बाई, हे गुण कशाचे?”

“गुण कसले? ज्याच्याकडे कुणी मदतीसाठी वळलं, त्याच्यापुढे मी एक ठेवला. इरफान वाटाड्या, पण वाट तुला विचारतो. नूतन वैद्य, पण तुझ्यामुळे कुणाची जखम तिच्यापर्यंत पोचतच नाही. आणि तू? तीन तासांत तू एकदाही कुणाकडे वळला नाहीस.”

सारंगचा चेहरा उतरला. “म्हणजे त्याला अजून दुबळा करू?”

बाई मनापासून हसल्या. “अरे वेड्या, तलवारीचा सगळा जोर त्याला परत दे! बलवान सोबती कुणाला नको असतो? तू जोर मोजलास, तो बरोबरच मोजलास. पण समतोल नुसत्या जोराचा नसतो, गरजेचाही असतो. ज्याला कुणाची गरज नाही, त्याच्या शेजारी बसून माणसं काय करणार? तुझ्या योद्ध्यात एक उणीव ठेव, आणि ती भरायला दुसऱ्याचाच हात लागू दे.”

सारंगने त्याच आठवड्यात वज्रव्रतीचे पान नव्याने लिहिले. मग नूतनच्या प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन तो म्हणाला, “माझा नवा योद्धा फार जोरकस झालाय, पण तुझ्याशिवाय तो मरेल. खरंच मरेल. येशील?”

ती आली.

त्या रविवारी वज्रव्रतीने एका घावात महासर्पाचे मस्तक उडवले आणि विष अंगात भिनून तो जागीच कोसळला. आता त्याची जखम आपोआप भरत नव्हती. पहिल्यांदाच सारंगच्या तोंडून शब्द निघाले, “नूतन, वाचव गं!”

नूतन खुर्चीवरून उठून उभीच राहिली. “इरफान, इथे जवळ पाणी कुठंय? पळ! बाई, थांबा, त्याला मरू देऊ नका, माझ्याकडे मुळी आहे!” तिचा इतका मोठा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. पहिला फासा वाया गेला, दुसराही. इरफानने झरा शोधला, तिने मुळी उगाळली, आणि तिसऱ्या फाशाला विष उतरले. तिघेही एकदम ओरडले. शेजारच्या काकू काय झाले म्हणून खिडकीत आल्या.

या साऱ्या धांदलीत अर्धा तास सारंगच्या योद्ध्याने बोटसुद्धा हलवले नव्हते. सारंग नुसता बसून त्या दोघांकडे बघत होता, आणि दोन महिने आकडे मांडूनही जो आनंद त्याला मिळाला नव्हता, तो त्याला तिथे मिळत होता.