दुधाळ मध

पूर्वी वेत्रनगरीत सुदर्भ राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व रानातला मध काढणाऱ्यांच्या घरी जन्मला होता.

त्या राजवाड्यात नितळ मध चाकरांचा आणि पांढुरका, दुधाळ मध राजघराण्याचा, अशी रीत होती. तो पांढरा का, हे आजवर कोणी विचारले नव्हते. राणी क्षेमावतीला दिवस गेले आणि तिला त्याच मधाचे डोहाळे लागले. रोज वाटीभर मध ती बोटाने चाटूनपुसून खाई. पुढे म्हातारा मधवाला वारला. त्याच्या जागी आलेल्या बोधिसत्त्वाने नितळ मध पाठवला, तेव्हा राणीने वाटी परत केली.

डोहाळे अडले तर बाळाला अपाय होईल, असे राजवैद्याने सांगितले. राजा संतापला. त्याने बोधिसत्त्वाला बोलावून बजावले, "उद्या दुधाळ मध आला नाही, तर तुझा उजवा हात तोडीन."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व आला तो वाऱ्याने पडलेल्या पोळ्याचा तुकडा घेऊन. "आधी राणीसाहेबांनी एवढं पाहावं. मग हात आहेच."

माणूस भलताच हट्टी आहे, असे राणीला वाटले. तरी ती वाकली.

"वरच्या घरांत मध, खालच्या घरांत बाळंतपण," बोधिसत्त्व काडीने दाखवू लागला. "हे शेवईच्या कणाएवढं अंडं. तिसऱ्या दिवशी त्याची अळी होते. पाच-सहा दिवस माश्या तिला भरवतात, मग मेणानं दार लावून घेतात. आत दहा-बारा दिवसांत पाय येतात, पंख येतात."

एक बंद घर पडताना फाटले होते. आत दुधासारखी पांढरी माशी पाय छातीशी घेऊन निजली होती. तिला डोळे होते. राणी बघत असतानाच तिचा एक पाय हलला.

"आणि दुधाळ मध?" तिने विचारले खरे, पण उत्तर तिला कळून चुकले होते.

"सगळं पोळं एकत्र पिळलं, की मध पांढरा होतो."

किती वाट्या झाल्या, हे तिला आठवेना. पोटातल्या बाळाने लाथ मारली तशी ती दचकली.

"डोहाळ्यांचं काय?" राजाने विचारले.

"पुरले," राणी म्हणाली. "याच्या हाताला कोणी हात लावू नका."

तेव्हापासून त्या राज्यात पोळ्याचा वरचा भागच कापू लागले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "पाण्यातला बारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून जी भिक्षुणी पाणी तीनतीनदा गाळते आणि जिला तुम्ही हसता, तीच तेव्हाची राणी. राजा म्हणजे तुमच्यात सगळ्यांत आधी हसला तो. मध काढणारा मी होतो."

कोणी हसले नाही. या कथेतला गुण करुणा.