पिशवीतला नैवेद्य

“पण हे सिद्ध झालंय का? कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?”

विश्वंभरने हे मठाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतून विचारलं. माई बाहेर ओसरीवर पळसाच्या पत्रावळी टाचत बसल्या होत्या. मठ त्यांचा, विश्वंभरला अनुग्रह दिलेला तोही त्यांनीच. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायची सोय त्यांनाही नव्हती. आत विश्वंभरचं सोवळं होतं.

सोवळं म्हणजे अगदी कडक. पाणी भरायचं ते ओलेत्याने. चूल पेटली की कुणाचा पदरही लागता कामा नये. आमटीत मीठ पडलंय की नाही हे चाखून बघायचं नाही, कारण आधी देव, मग जीभ. खारट आमटी मठातल्या सगळ्यांनी मुकाट्याने गिळली आहे.

वाद मात्र सोवळ्याचा नव्हता, पिशव्यांचा होता.

रस्त्यापलीकडे मोठं इस्पितळ होतं. रोज दुपारी पेशंटचे नातेवाईक मठाच्या दाराशी रांग लावायचे. पूर्वी पंगत बसायची. उष्टी काढताना सोवळं मोडतं म्हणून विश्वंभरने पंगत बंद केली आणि पातळ प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. चुलीवरून उतरलेली आमटी थेट पिशवीत, वर गाठ. वाफाळता भात दुसऱ्या पिशवीत. रांग झरझर सरकू लागली. मठाचं नाव झालं. विश्वंभरचंही झालं, आणि ते त्याला आवडलं नाही असं कुणी म्हणू नये.

आदल्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टर नसीमा मुजावर येऊन गेल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. गरम आणि तेलकट अन्न प्लास्टिकमध्ये भरलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात. ती पोटात जातात, रक्तात फिरतात. मोठ्या माणसांच्या अंगात जी बारीक सूज धुमसत असते, वरून दिसत नाही पण सांधे, रक्तवाहिन्या आतून पोखरते, ती या रसायनांनी वाढत असावी असं काही तपासण्यांत दिसतंय. नक्की किती आणि कशी, हे अजून ठरलेलं नाही. पण तुमच्या रांगेतली निम्मी माणसं आधीच साखरेची, संधिवाताची. निखाऱ्यावर फुंकर कशाला घालायची?

माईंनी ऐकून घेतलं आणि आज सकाळी सांगितलं, पिशव्या बंद.

म्हणून विश्वंभर तापला होता.

“डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही.”

“म्हणाल्या,” माई म्हणाल्या.

“मग नुसत्या संशयावर अन्नदान बंद करायचं?”

“अन्नदान नाही. पिशवी.”

“पिशवी बंद म्हणजे अन्न बंद, माई. त्या लोकांकडे भांडी कुठली? घरदार सोडून आलेत ते.”

हे मात्र खरं होतं. त्याचा राग पोकळ नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

तो बोलतच राहिला. दूध पिशवीत येतं, चहा प्लास्टिकच्या कपात मिळतो, अख्खं गाव प्लास्टिकच्याच टाकीतलं पाणी पितं. सगळ्या जगाला मोकळीक आणि मठाला बंदी, ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. शेवटी त्याने पळी खाली ठेवली.

“पिशव्या जाणार असतील तर मीही जातो. चूल तुम्ही सांभाळा.”

पळी ठेवल्याचा आवाज झाला. माईंनी पत्रावळीतून हात काढला.

मठात दुसरा स्वयंपाकी नव्हता. दाराशी रांग उभी होती, आणि विश्वंभरला ते पक्कं ठाऊक होतं. तसं ठाऊक असल्याशिवाय माणूस पळी खाली ठेवत नाही.

“नैवेद्याची वेळ झाली?” माईंनी विचारलं.

“झाली. ताट वाढलंय.”

माई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत उंबऱ्यापाशी आल्या, आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

विश्वंभर भिंतीला टेकला. पारोशा हातांनी, बाहेरच्या लुगड्यानिशी त्या थेट त्याच्या चुलीपाशी पोचल्या होत्या.

चुलीजवळ भरलेल्या पिशव्यांची ओळ होती. गरम आमटीने प्लास्टिक लिबलिबीत झालं होतं. माईंनी त्यातली एक पिशवी गाठीला धरून उचलली, गाभाऱ्यात गेल्या, पाटावरचं चांदीचं ताट बाजूला सरकवलं आणि दत्ताच्या दगडी पादुकांसमोर ती पिशवी ठेवली.

“दाखव नैवेद्य.”

विश्वंभर दारातच थांबला.

“यातून?...”

“का? आमटी तीच आहे. तूच केलीस. सोवळ्यात केलीस.”

“देवाला पिशवीतून नाही दाखवत, माई.”

“काय होईल देवाला?”

विश्वंभर चांदीचं ताट परत पुढे सरकवायला वाकला.

“सिद्ध झालंय का काही?”

त्याला तो टोला कळला. पण तोही हटणारा नव्हता. त्याने आवाज चढवला. म्हणाला, देवाच्या बाबतीत पुरावे मागत नाहीत. तिथे संशय आला तरी बस. श्रावणात खिरीच्या पातेल्याजवळ मांजर दिसलं होतं. तोंड घातलं की नाही, कुणी पाहिलं नव्हतं. तरी त्याने पातेलंभर खीर शेणखताच्या गायरीत ओतली होती, आणि त्याचं त्याला आजही काही वाटत नाही.

“संशय आला की देवापुढे ठेवायचं नाही,” तो म्हणाला. “एवढं सोपं आहे.”

“एवढं सोपं आहे,” माई म्हणाल्या.

बाहेर रांगेतलं कुणीतरी खोकलं.

विश्वंभरचा चेहरा उतरला होता, पण मान ताठच होती. हरलो असं म्हणायला जीभ लागते, आणि त्याची जीभ आयुष्यभर मंत्र म्हणण्यात गेली होती.

“बरं,” तो म्हणाला. “मग वाढू कशात? तेवढं सांगा. तुमच्या पत्रावळीत आमटी थांबणार नाही, आणि आजारी माणसाकडे पत्रावळ नेणार तरी कशी?”

“कोठीत डबे आहेत.”

विश्वंभरचा हात आपसूक छातीशी गेला. कोठीची किल्ली त्याच्या जानव्याला बांधलेली होती.

कोठीत भांडी होती खरी. भक्तांनी आपापल्या मेलेल्या माणसांची नावं घालून देवाला दिलेली. स्टीलची ताटं, वाट्या, कडीचे डबे, माळ्यापर्यंत रचलेले. वर्षातून एकदा दत्तजयंतीच्या महानैवेद्याला निघायची, विश्वंभर स्वतः घासायचा, पुसायचा, मोजून परत कुलपात ठेवायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

“ती देवाची भांडी आहेत,” तो हळू म्हणाला.

“हो.”

“त्या डब्यांतून कोण कुठला माणूस जेवेल. कुठल्या वॉर्डात, कुठल्या खाटेवर ठेवेल. एकदा बाहेर गेली की ती देवाच्या कामाची राहणार नाहीत.”

“नाही राहणार.”

“आणि परत आली नाहीत तर?”

“तर त्यांच्या घरी राहतील.”

विश्वंभरने किल्ली मुठीत घट्ट धरली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. रागाचं होतं की आणखी कशाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मग जयंतीला देव कशात जेवणार, माई?”

माईंनी पादुकांसमोरच्या पिशवीकडे पाहिलं. ती एका अंगाला कलंडली होती. त्यांनी ती नीट केली, आणि त्याच्यापुढे हात पसरला.

“याला पिशवी चालेल. याचे पाय दगडाचे आहेत, सुजायचे नाहीत. किल्ली सोड.”